प्रेक्षकांचा रंगमंच : पॅरिसचे पॅले गार्निये

पॅले गार्निये हे पॅरिसमधले ऑपेरा आणि बॅलेचे ऐतिहासिक थिएटर. सेन नदीच्या उजव्या तीरावर, मोठे रस्ते जिथे एकत्र येतात अशा चौकात, चारी बाजूंनी मोकळे उभे असलेले. ५ जानेवारी १८७५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि आजही तिथे नियमित प्रयोग होतात. इमारतीची लांबी सुमारे १५५ मीटर, व्याप सुमारे ११,००० चौरस मीटर. प्रेक्षागृहातली आसने मात्र दोन हजारांच्याही आत. एवढ्या आवारात एवढेच प्रेक्षक कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उरलेली जागा खाल्ली आहे ती अवाढव्य रंगमंचाने आणि तितकीच जिने, सज्जे, दालने, आरसेमहाल यांनी. वास्तुकार शार्ल गार्निये याच्या लेखी पडदा वर जाण्यापूर्वी आणि मध्यंतरात जे चालते तेही नाट्यच होते. लग्नाच्या मांडवात बोहल्यावर काय चालले आहे यापेक्षा कोण आले, काय नेसून आले, कोणाशी बोलले याकडेच निम्म्या पाहुण्यांचे डोळे असतात, तसाच हा प्रकार. हे एकदा ध्यानात आले की इमारतीतल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

तिच्या जन्माला मात्र एक बॉम्बहल्ला कारण झाला. १४ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी सम्राट तिसरा नेपोलियन आणि सम्राज्ञी युजेनी जुन्या ऑपेरा थिएटरकडे निघाले होते. हे थिएटर ल पेलतिये नावाच्या अरुंद रस्त्यावर होते. तिथे फेलिचे ओर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने आणि त्याच्या साथीदारांनी बग्गीवर बॉम्ब फेकले. राजदांपत्य बचावले, आठ जण ठार झाले, शंभराहून अधिक जखमी झाले. बग्गी थेट आत नेता येईल असे नवे, सुरक्षित थिएटर हवे, ही निकड त्यानंतर कोणाला पटवून द्यावी लागली नाही. बॅरन ओस्मान याने त्याच सुमारास जुने पॅरिस पाडून सरळ, रुंद रस्ते काढण्याचा सपाटा लावला होता. नव्या थिएटरची जागाही त्याच आराखड्यात बसवण्यात आली.

१८६० च्या अखेरीस खुली स्पर्धा जाहीर झाली आणि १७१ आराखडे आले. स्पर्धकांत नोत्र-दामचा जीर्णोद्धार करणारा वियोले-ल-द्यूक होता. सम्राज्ञीचा कौल त्याच्याच बाजूने होता असे सांगतात. निवड झाली ती पस्तिशीतल्या, फारसे काही न बांधलेल्या गार्नियेची. तो पॅरिसच्या गरीब वस्तीतला, कारागिराच्या घरातला. रोमला शिकण्यासाठी मिळणारे मानाचे पारितोषिक त्याने १८४८ मध्ये मिळवले होते. ही शैली कोणती, ग्रीक नाही, चौदाव्या लुईच्या काळातली नाही, पंधराव्याच्याही नाही, अशी कुरकुर सम्राज्ञीने केली तेव्हा ‘ही तिसऱ्या नेपोलियनची शैली’ अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने वेळ मारून नेली, ही कथा पॅरिसमध्ये अजून सांगितली जाते. खरी असो वा नसो, उत्तर चुकीचे नव्हते. ग्रीक स्तंभ, व्हेनिसचे मोझेक, बरोक वळणे, सगळे एकत्र आणूनही गोंधळ होऊ न देण्याचे कसब गार्नियेकडे होते.

पाया खणायला घेतला आणि पाणी लागले. भूगर्भातले पाणी थांबेना, म्हणून वाफेवर चालणारे पंप महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालवावे लागले. रंगमंचाखाली अनेक मजल्यांचे तळघर हवे होते, कारण नेपथ्य खालून वर आणि वरून खाली न्यायचे होते; तेव्हा उथळ पायावर भागणारे नव्हते. शेवटी गार्नियेने दुहेरी भिंतींचा प्रचंड हौद बांधला आणि तो पाण्यानेच भरून टाकला. बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्या पाण्याने तोलला जातो. हा हौद आजही भरलेला असतो आणि पॅरिसच्या अग्निशमन दलाचे पाणबुडे त्यात सराव करतात. थिएटरखाली तळे आहे ही दंतकथा इथूनच निघाली. गास्तों लरू या पत्रकार-कादंबरीकाराने १९०९-१० मध्ये क्रमशः प्रसिद्ध केलेल्या ‘ऑपेराचे भूत’ या कादंबरीत त्या तळ्यावर नावही चालवली. प्रत्यक्षात तो एक अंधारा, ठेंगण्या कमानींचा हौद आहे.

कोनशिला २१ जुलै १८६२ रोजी बसली, दर्शनी भाग १८६७ मध्ये उघडा झाला आणि १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटले. सम्राट कैद झाला, साम्राज्य बुडाले, पॅरिसला वेढा पडला. अर्धवट थिएटरचे कोठार झाले. नव्या प्रजासत्ताकाला पदच्युत सम्राटाच्या या खर्चिक हौसेवर पैसा ओतण्याची इच्छा नव्हती. पण ऑक्टोबर १८७३ च्या अखेरीस ल पेलतियेचे जुने थिएटर जळून खाक झाले आणि निधी मंजूर झाला. उद्घाटनाला अध्यक्ष माक-माओं, स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो आणि आपल्या लवाजम्यासह लंडनचा लॉर्ड मेयर हजर होते. ज्याने आयुष्याची चौदा वर्षे या इमारतीत घातली त्या गार्नियेला मात्र बॉक्समधल्या, म्हणजे प्रेक्षागृहातल्या खासगी कक्षातल्या, जागेचे १२० फ्रँक मोजावे लागले. सम्राटाचा वास्तुकार ही ओळख नव्या राजवटीत अडचणीची होती, एवढाच याचा अर्थ.

इमारतीकडे यावे ते दक्षिणेकडून, लूव्ह्रपासून निघणाऱ्या अव्हेन्यू द लोपेरावरून. पॅरिसच्या रुंद रस्त्यांवर दुतर्फा झाडे असतात. इथे नाहीत, कारण समोरचे दृश्य झाकले जाऊ नये असा गार्नियेचा आग्रह होता. मेट्रो आली तेव्हाही इथल्या जिन्याला गिमार या वास्तुकाराची प्रसिद्ध वेलबुट्टीची लोखंडी कमान न देता साधा दगडी कठडा दिला गेला. दर्शनी भागावर जोडस्तंभांच्या मध्ये मोझार्ट, बेथोव्हेन, रोसिनी वगैरे संगीतकारांचे सोनेरी अर्धपुतळे आहेत. अगदी वर, छपराच्या टोकावर, वीणेसारखे तंतुवाद्य उंचावलेला अपोलो.

खाली उजवीकडचा ‘नृत्य’ हा शिल्पसमूह थांबून पाहण्यासारखा. ज्याँ-बातिस्त कार्पोने तो केला. मधोमध डफ उंचावलेला तरुण, भोवती फेर धरलेल्या विवस्त्र स्त्रिया. एकीचे अंग मागे झुकलेले, दुसरी हसता हसता तोल जाईल अशी. शेजारचे शिल्पसमूह सभ्यपणे ताठ उभे असताना हा एकटाच घामेजलेला वाटतो. १८६९ मध्ये तो उघडा होताच पॅरिसमधल्या सभ्य मंडळींनी अश्लीलतेची ओरड केली आणि ऑगस्टमधल्या एका रात्री कोणीतरी त्यावर शाईची बाटली फोडली. शिल्प हटवण्याचा हुकूमही निघाला, दुसऱ्या शिल्पकाराला कामही दिले गेले. युद्धाने सगळेच थांबले आणि कार्पोचे शिल्प जागीच राहिले. धूर-पावसाने झिजू लागल्यावर मूळ शिल्प १९६४ मध्ये आत हलवण्यात आले. ते आता ओर्से संग्रहालयात आहे. थिएटरवर दिसते ती प्रतिकृती पॉल बेलमोंदो या शिल्पकाराची, म्हणजे अभिनेता ज्याँ-पॉल बेलमोंदोच्या वडिलांची.

दिवसा पाहायला येणाऱ्यांना पश्चिमेच्या कोपऱ्यावरून, स्क्रीब आणि ओबेर या रस्त्यांच्या बाजूने आत घेतात. वाटेत लागणाऱ्या वर्तुळाकार दालनाचे छत नीट पाहावे: वेलबुट्टीत गुंफलेली अक्षरे म्हणजे गार्नियेचे पूर्ण नाव आणि १८६१ ते १८७५ ही साले. हे दालन मोसमभरासाठी बॉक्स घेणाऱ्या वर्गणीदारांचे. बग्गीतून उतरलेला वर्गणीदार इथून जिन्याच्या पोटाखाली यायचा. तिथल्या कुंडावर डेल्फीच्या भविष्यवादिनीचा कांस्यपुतळा आहे. तो घडवला ‘मार्चेल्लो’ या पुरुषी नावाने काम करणाऱ्या एका सरदारघराण्यातल्या स्त्रीने.

आणि मग तो जिना. वर छतापर्यंत तीस मीटर उंचीची पोकळी. पायऱ्या पांढऱ्या संगमरवराच्या, कठड्याच्या बैठकी हिरव्या, छोटे खांब तांबड्या दगडाचे, हाताला लागणारी पट्टी ऑनिक्सची. पॅरिस म्हणजे करड्या-पिवळसर चुनखडीचे शहर. त्यात गार्नियेने युरोपभरच्या खाणींतले रंगीत दगड आणून ओतले. जिना एका सरळ टप्प्याने चढतो, मग डावी-उजवीकडे फुटतो आणि प्रत्येक मजल्यावर त्याच्याकडे तोंड करून सज्जे उघडतात. या सज्ज्यांचे काम एकच: वर येणाऱ्यांना पाहणे. घेरदार झग्यांचा सोगा पायऱ्यांवर कसा पसरेल, याचाही विचार पायऱ्यांची रुंदी ठरवताना झाला असणार, असे तिथे उभे राहिल्यावर वाटते. मधल्या टप्प्यावर उभे राहून खाली न बघता वर, सज्ज्यांकडे बघावे. चढणारा नट आणि सज्ज्यातला प्रेक्षक ही विभागणी तिथून स्वच्छ दिसते. या सगळ्या दगडामागे लोखंडी सांगाडा आहे. तो मात्र गार्नियेने कुठेही दिसू दिलेला नाही.

जिन्यापलीकडचे मोठे दालन ५४ मीटर लांब आणि १८ मीटर उंच. मध्यंतरात फेऱ्या मारण्याची ही जागा. एका बाजूला रस्त्याकडच्या खिडक्या, दुसरीकडे आरसे. छतावर पॉल बोद्रीची संगीताच्या इतिहासावरची चित्रे, ज्यांच्यासाठी त्याने वर्षानुवर्षे खपून डोळे आणि प्रकृती शिणवली. व्हर्सायच्या आरसेमहालाची आठवण इथे सगळ्यांनाच होते. सोने थोडे अतिच झाले आहे. गार्नियेलाही त्याची कल्पना असावी, कारण सोन्याच्या खऱ्या वर्खाऐवजी कित्येक ठिकाणी त्याने सोनेरी छटांच्या रंगावर भागवले आहे. त्यापेक्षा दालनाआधीच्या अरुंद पट्ट्यातले मोझेकचे छत अधिक रेखीव वाटते.

प्रेक्षागृह इटालियन धाटणीचे, घोड्याच्या नालेसारखे. लाल मखमल, सोनेरी कठडे, एकावर एक बॉक्सचे मजले. या आकारात समोरासमोरचे बॉक्स एकमेकांना उत्तम दिसतात, रंगमंच मात्र बाजूच्या बॉक्समधून अर्धाच दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या वर्गणीदाराला त्याचे वाईट वाटत नसे. पडदाही गमतीचा: झालरी, गोंडे, चुण्या असलेला भरजरी मखमली पडदा वाटतो, पण तो सगळा कापडावर रंगवलेला आभास आहे.

मधोमध सात-आठ टनांचे झुंबर. २० मे १८९६ रोजी प्रयोग चालू असताना त्याला तोलणारे एक वजन तुटून वरच्या मजल्यावर पडले आणि एक स्त्री दगावली. लरूच्या कादंबरीत, आणि तिच्यावरून निघालेल्या संगीत नाटकात, कोसळते ते अख्खे झुंबरच. पण खरे झुंबर कधीच पडलेले नाही.

झुंबराभोवतीचे छत ही वेगळीच गोष्ट. मुळात तिथे ल्यनव्हू या चित्रकाराचे देवदेवतांनी भरलेले रीतसर चित्र होते. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ते काम मार्क शागालला दिले, तेव्हा पुन्हा गदारोळ झाला: साम्राज्यकालीन वास्तूत आधुनिक चित्र, तेही रशियात जन्मलेल्या ज्यू चित्रकाराचे! शागाल सत्तरी ओलांडलेला होता; त्याने मानधन घेतले नाही. सप्टेंबर १९६४ मध्ये छत उघडे झाले आणि विरोध बराचसा निवळला. त्यात चौदा संगीतकारांच्या कृती रंगांच्या पाच पट्ट्यांत आणि मधल्या छोट्या वर्तुळात मांडल्या आहेत. निळ्यात मुसोर्गस्की आणि मोझार्ट, हिरव्यात वाग्नर आणि बर्लिओझ, पांढऱ्यात रामो आणि देब्युसी, तांबड्यात राव्हेल आणि स्त्राविन्स्की. पिवळ्यात चायकोव्हस्की आणि आदाम, म्हणजे ‘स्वान लेक’ आणि ‘जिझेल’. गार्नियेच्या लाल-सोनेरी घनगंभीर सजावटीवर हे तरंगते रंग खरे तर विजोड दिसायला हवेत. दिसत नाहीत. जुने चित्र नष्ट केलेले नाही. नवे छत त्याच्याखाली वेगळ्या चौकटीवर बसवले आहे.

रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने पाच टक्के उतरता आहे. सपाट फरशीवर तयार झालेल्या पाहुण्या नर्तकांना इथे गिरक्या घेताना तोल नव्याने साधावा लागतो. त्याच्या मागे, प्रेक्षागृहाच्या थेट रेषेत, नृत्यदालन आहे. नर्तिकांनी प्रवेशाआधी अंग मोकळे करावे म्हणून ते बांधले, पण मोठ्या वर्गणीदारांना तिथे मुक्त प्रवेश होता. काळ्या सुटातली, उंच टोप्या घातलेली ही माणसे एदगार देगाच्या चित्रांत विंगेत रेंगाळताना दिसतात. नर्तिका बहुतेक गरीब घरांतल्या, तुटपुंज्या पगारावरच्या. श्रीमंत आश्रयदाता मिळवणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग मानला जाई. देगाने १८८१ मध्ये मांडलेल्या चौदा वर्षांच्या नर्तिकेच्या शिल्पासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोथेम ऑपेराच्याच शाळेतली, बेल्जियन धोबिणीची मुलगी. इमारतीच्या वैभवाचे गोडवे गाणाऱ्या माहितीपत्रकांत या दालनावर चार ओळी असतात. खरे तर दिसणे आणि पाहणे यांच्या या घरात सर्वांत महाग किंमत मोजली ती इथल्याच मुलींनी. वर्गणीदारांची ही मुभा विसाव्या शतकात बंद झाली. आता हे दालन सरावाचे. आणि मोसमातल्या खास संचलनात रंगमंचाचा मागचा भाग उघडून तिथूनच बर्लिओझच्या संगीतावर अख्खा नृत्यसंघ, शाळेतल्या लहानग्यांसह, पुढे चालत येतो.

हा संघ जगातल्या सर्वांत जुन्या संघांपैकी. ऑपेरा संस्थेची स्थापना चौदाव्या लुईच्या काळात, १६६९ मध्ये झाली. नर्तकांच्या पाच पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर बढती अंतर्गत परीक्षेने मिळत आली. सर्वोच्च ‘एत्वाल’ हा दर्जा मात्र परीक्षेने मिळत नाही, तो संचालक बहाल करतात, बहुधा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच. निवृत्ती बेचाळिसाव्या वर्षी. त्यांची पेन्शनही लुईच्याच काळापासून चालत आलेली. सरकारने तिला हात घालायचे ठरवले तेव्हा २४ डिसेंबर २०१९ रोजी संपावरच्या नर्तिकांनी थिएटरच्या दर्शनी पायऱ्यांवर, कडाक्याच्या थंडीत, ‘स्वान लेक’चा एक अंश सादर केला.

भारताशी या थिएटरचा संबंध आहे, पण तो कल्पनेतल्या भारताशी. २७ एप्रिल १८७७ रोजी इथे ज्यूल मास्नेचा ‘लाहोरचा राजा’ हा ऑपेरा प्रथम झाला. गझनीच्या महमूदाच्या स्वारीचा काळ, राजाचे नाव अलीम, नायिका मंदिरातली सेविका सीता, तिसऱ्या अंकात थेट इंद्राचा स्वर्ग. मराठी वाचकाला हसू येईल ते खलनायकाच्या नावाने: राजाला दगा देणारा मंत्री ‘सिंदिया’ आहे. महादजींच्या घराण्याचे इंग्रजी वळणाचे नाव कुठल्या तरी पुस्तकातून उचलून अकराव्या शतकातल्या लाहोरात बसवले, याचे पॅरिसमध्ये कोणाला सोयरसुतक नव्हते. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये मारियुस पेतिपाने ‘ला बायादेर’ हा देवदासीच्या प्रेमकथेवरचा बॅले रचला. त्यातला छायांचा प्रवेश सोव्हिएत नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्हने १९६१ मध्ये याच रंगमंचावर नाचून पॅरिस जिंकले. काही आठवड्यांतच पॅरिसच्या विमानतळावर त्याने सोव्हिएत संघाकडे पाठ फिरवली. पुढे तो इथल्या नृत्यसंघाचा संचालक झाला. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याने संपूर्ण ‘ला बायादेर’ इथे उभा केला, तेव्हा तो एड्सने खंगलेला होता. तीन महिन्यांत, ६ जानेवारी १९९३ रोजी, त्याचा मृत्यू झाला. छायांच्या त्या प्रवेशात बत्तीस शुभ्रवस्त्रा नर्तिका एकामागून एक उतारावरून येतात, प्रत्येकीची तीच मुद्रा, तोच झोक. त्यात भारत शोधायला जाऊ नये. शिस्तीचे काव्य मात्र भरपूर आहे.

पश्चिमेकडचा सम्राटाचा कक्ष पूर्ण झालाच नाही. बग्गी वर चढवणारा दुहेरी उतार बांधून तयार होता, पण त्यावरून यायचा तो सम्राट १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. आतले काही दगड अजून तसेच अनघड आहेत. १८८० च्या दशकापासून तिथे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे: स्वरलिपी, पोशाखांची रेखाटने, नेपथ्याच्या छोट्या प्रतिकृती. या प्रतिकृती घाईने ओलांडू नयेत; जुन्या प्रयोगांचा थाट त्यांच्यावरूनच कळतो. तळघरात आणखी एक ठेवा होता. २४ डिसेंबर १९०७ रोजी त्या काळच्या थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका धातूच्या कलशांत बंद करून शंभर वर्षे न उघडण्याच्या अटीवर तिथे ठेवल्या गेल्या. मुदत संपल्यावर कलश उघडण्यात आले.

भारतीय सहलींच्या बस या परिसरात येतात त्या बहुधा जवळच्या अत्तर संग्रहालयासाठी आणि मागच्या गॅलरी लाफायेतमधल्या खरेदीसाठी. ऑपेरा तेवढा बाहेरून दाखवला जातो. त्या दुकानाच्या गच्चीवर जायला पैसे पडत नाहीत आणि तिथून थिएटरचे छप्पर, घुमट आणि पाठमोरा अपोलो छान दिसतो. आत जायचे असेल तर दिवसाचे दर्शन-तिकीट वेगळे आणि प्रयोगाचे वेगळे. दिवसा तालमी असल्या की प्रेक्षागृह बंद असते. तिकीट काढण्यापूर्वी तेवढे संकेतस्थळावर पाहून घ्यावे, नाहीतर शागालचे छत हुकते. प्रयोगाच्या स्वस्त तिकिटावर ‘दृश्य मर्यादित’ असे लिहिलेले असते ते शब्दशः खरे असते: बॉक्समधल्या मागच्या खुर्चीवरून कधीकधी पुढच्याची मान आणि नर्तकाचा एक हात एवढेच दिसते. पोशाखाचे बंधन नाही. उशीर झाला तर मात्र मध्यंतरापर्यंत बाहेर तिष्ठावे लागू शकते.

१९८९ मध्ये बास्तीय चौकात नवे, आधुनिक यंत्रणेचे ऑपेरागृह उभे राहिले आणि मोठे ऑपेरे बहुतांशी तिकडे गेले. गार्नियेच्या वाट्याला मुख्यतः बॅले आणि लहान आकाराचे ऑपेरे आले. जुन्या रंगयंत्रणेच्या नूतनीकरणासाठी २०२७ च्या उन्हाळ्यापासून सुमारे दोन वर्षे इथले प्रयोग बंद ठेवण्याची योजना जाहीर झाली आहे. त्या काळात पॅरिसला जाणाऱ्यांनी बॅलेची तिकिटे अन्यत्र शोधावीत.